नव्या इयत्तेआधीचा कुटुंबवर्ग: नाव मुलांचं, गृहपाठ मोठ्यांचा

आधी माझ्याविषयी थोडंसं, म्हणजे या अभिप्रायाला किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. मी लेखापरीक्षक होते, आता निवृत्त आहे. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या गफलती शोधण्यात हयात गेली, त्यामुळे माहितीपत्रकात ‘हमखास’ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं. धाकटा यंदा पहिलीत गेला. थोरली सातवीत गेली, पण शाळा बदलून. तिच्या मैत्रिणी सगळ्या जुन्या शाळेत राहिल्या. दोघांचंही नवं वर्ष एकाच आठवड्यात सुरू होणार म्हटल्यावर घरात जी घालमेल सुरू झाली ती बघून सुनेने एका समुपदेशन केंद्राचा हा वर्ग शोधून काढला. नाव होतं ‘नव्या शाळावर्षासाठी कुटुंबाची तयारी’ अशा अर्थाचं काहीतरी लांबलचक. मला न्यायचं कारण सरळ होतं. दुपारी मुलं शाळेतून येतात तेव्हा घरी मीच असते.

वर्ग चार बैठकांचा. शाळा उघडण्याआधीच्या महिन्यात आठवड्याला एक, प्रत्येकी दीड तास. पहिली आणि तिसरी फक्त मोठ्यांची, दुसरी आणि चौथी मुलांसकट. सोबत एक खोकं मिळतं: भावनांची कार्डं, पुठ्ठ्याची ‘काळजीची पेटी’, झोपेचा तक्ता आणि एक पातळ पुस्तिका. शिवाय व्हॉट्सॲप गट, ज्याबद्दल पुढे बोलतेच.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘पहिल्याच दिवशी हसत शाळेत!’ मी पहिल्या बैठकीत बसल्या बसल्या विचारलं, हे कशाच्या आधारावर? समुपदेशक बाई तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, ‘काकू, ती ओळ मला विचारून छापलेली नाही. पहिल्या दिवशी मूल रडलं तर त्यात काही बिघडलेलं नसतं. न रडणारं मूल आतून निवांत असेलच असंही नाही.’ उत्तर चोख होतं. पण मग ती ओळ काढून टाका की! पुढच्या महिन्यात सून पुन्हा पाहून आली, ओळ तशीच होती. याचा एक गुण मी कापला.

आता ज्यासाठी जावं ते सांगते. दुसऱ्या बैठकीतली निरोपाची तालीम.

खोलीच्या दाराला शाळेचं गेट मानायचं. मूल आत बाईंजवळ, सोडायला आलेलं माणूस दारात. निरोप घ्यायचा आणि जायचं, एवढंच. कागदावर वाचलं तर यात शिकवण्यासारखं काय आहे असं वाटेल. माझा मुलगा उठला. धाकट्याला मिठी मारली, दोन पावलं गेला, वळला, हात हलवला. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळला. दारातून मान आत घालून म्हणाला, ‘रडायचं नाही हं, रडण्यासारखं काही नाहीये.’ तोवर धाकटा समोरच्या ठोकळ्यांकडे बघत होता. बापाचं वाक्य ऐकून त्याने मान वर केली, बापाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. सगळं आमच्या डोळ्यांसमोर. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या मुलाकडे पाहिलं. त्याला कळलं. रडण्याचा विषय खोलीत त्यानेच आणला होता.

मग अदलाबदल. मोठ्यांनी मूल व्हायचं. सून छोट्या खुर्चीवर बसली आणि माझा मुलगा पुन्हा तेच तेच वळून बघणं करू लागला. ती नंतर म्हणाली, ‘तू तिसऱ्यांदा वळलास तेव्हा मला वाटलं, इथे खरंच काहीतरी धोका असणार, नाहीतर हा एवढा का रेंगाळतोय?’ बारा वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याला हे सांगते आहे, हे ऐकायला मजा आली. (त्या छोट्या खुर्च्यांबद्दल मात्र व्यवस्थापनाने विचार करावा. माझे गुडघे साठी ओलांडलेले आहेत. मोठ्यांसाठी मोठ्या खुर्च्या ही काही फार मोठी मागणी नाही.)

निरोपाची जी पद्धत बसवून घेतली ती अशी. थोडक्यात, पण चोरून नाही. प्रत्येक घराने आपली एक ठरलेली खूण घ्यायची आणि रोज तीच वापरायची. आमच्याकडे तळहातावर टिचकी आणि कपाळाला कपाळ. मग परत कधी येणार ते मुलाच्या वेळेत सांगायचं, घड्याळाच्या नाही. ‘साडेबाराला येतो’ याचा पहिलीतल्या पोराला काही उपयोग नाही. ‘गोष्टीचा तास झाला की घंटा, घंटा झाली की बाबा’ याचा आहे. आणि सांगितलेलं पाळायचं. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘आम्ही तर पोराचं लक्ष नसताना सटकायचो, काय बिघडलं?’ बाईंनी त्यांना खोडून काढलं नाही. एवढंच विचारलं, ‘दुसऱ्या दिवशी त्याने बोट सोडलं का?’ आजोबा हसले आणि गप्प बसले. नजर हटली की माणूस गायब होतं हे एकदा कळलेलं मूल पुन्हा नजर हटवेल कशाला?

तिसऱ्या बैठकीत या सगळ्यामागचं एक संशोधन सांगितलं. ते मी घरी येऊन पडताळून पाहिलं. जुनी खोड. १९६० मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी एका टेबलावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर भक्कम काच, काचेखाली अर्ध्या भागात चौकटींचं कापड अगदी लगत, उरलेल्या अर्ध्यात ते खूप खाली. रांगणाऱ्या बाळाला वाटावं, पुढे कडा आहे. १९८५ मध्ये जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी हेच टेबल घेतलं, पण कडेचा खोलपणा बेताचा ठेवला, म्हणजे बाळाला ठरवताच येऊ नये की जावं की नाही. पलीकडे आई उभी. बाळं वर्षाची. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. आई एक शब्द बोललेली नव्हती.

आकड्यांच्या बाबतीत मी सहसा हुरळून जात नाही, पण हा शून्य माझ्या डोक्यात बसला. सहा वर्षांचं पोर म्हणजे वर्षाचं बाळ नव्हे हे खरं, आणि बाईंनी तसं स्पष्ट म्हटलंही. पण शाळेचं गेट हे त्याच्यासाठी ‘जावं की नाही’ असंच ठिकाण असतं, आणि तिथे ते आपल्या तोंडाकडे बघतं. म्हणून या वर्गात मुलांना धीर द्यायला शिकवण्यापेक्षा मोठ्यांच्या स्वतःच्या धास्तीवर जास्त वेळ जातो. काही पालकांना हे आवडलं नाही. एक गृहस्थ उघड म्हणाले, ‘मुलासाठी आलोय, माझ्या मनाचं काय घेऊन बसलात?’ माझं मत उलट आहे. वर्गाचा खरा माल हाच आहे.

त्याच बैठकीत प्रत्येक मोठ्या माणसाला एक कागद दिला. स्वतःच्या शाळेतली एक आठवण लिहायची, चांगली-वाईट कशीही, आणि वाचून दाखवायची सक्ती नाही. मला वाटलं, झालं, आता गहिवरण्याचा कार्यक्रम. पण माझा मुलगा बराच वेळ लिहीत राहिला. मग त्याने कागद आधी बायकोकडे आणि नंतर माझ्याकडे सरकवला. तिसरीत असताना पाढा चुकला म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि शिपाई येताजाता त्याला ‘काय साहेब, आज बाहेर का?’ विचारत होता. अख्खा तास. त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. धाकट्याला तो सुट्टीभर संध्याकाळी पाढे घोकायला का बसवत होता ते मला तेव्हा उमगलं. सूनही बघत राहिली. त्यावर चर्चा वगैरे झाली नाही. घरी येताना तो एवढंच म्हणाला, ‘पाढे राहू दे सध्या.’ बाईंनी फक्त एक प्रश्न दिला होता: या आठवणीतलं किती तुम्ही मुलाच्या दप्तरात भरताय?

काळजीच्या पेटीविषयी. पुठ्ठ्याची, वर फट, बरीचशी मतपेटीसारखी. मुलाने मनातली भीती चिठ्ठीवर लिहायची किंवा काढायची आणि आत टाकायची; रोज ठरलेल्या वेळी घरातल्या कुणीतरी त्याच्यासोबत ती उघडायची. धाकट्याने पहिल्याच संध्याकाळी चित्र काढलं. एक उभी रेघ, तिला आडवी छोटी रेघ, आणि बाजूला लाल रंगात गिरगोट्या. आम्ही तिघं मोठी माणसं अंदाज बांधत बसलो. सून म्हणे क्रॉस, म्हणजे चूक. मुलगा म्हणे छडी. शेवटी त्यालाच विचारलं. ती शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी होती. शाळा बघायला गेलो त्या दिवशी त्याने ती लावून पाहिली होती आणि ती घट्ट होती. आत अडकलो तर? आणि मग गोष्टीचा तास सुरू झाला तर? आम्ही आठवडाभर ‘बाई खूप प्रेमळ आहेत’, ‘नवे मित्र होतील’ हे रेकॉर्ड वाजवत होतो आणि पोराला धसका होता कडीचा.

उपाय अगदी साधा निघाला. वर्गशिक्षिकांना विचारून शाळा उघडण्याआधी एकदा जाऊन त्याच्याकडून ती कडी लावून-काढून घेतली, आणि गरज पडली तर दार नुसतं लोटून घ्यायचं, बाहेर मावशी असतात हेही त्यांनी त्याला दाखवलं. समुपदेशक बाई म्हणाल्या की लहान मुलांच्या यादीत हे नेहमी वर असतं: स्वच्छतागृह, डबा उघडता न येणं, आपलं नाव चुकीचं घेतलं जाणं, परत न्यायला कुणी आलंच नाही तर. म्हणजे मोठ्यांना जे क्षुल्लक वाटतं तेच. पेटीला मी पूर्ण गुण देते. पेटीच्या जागी चपलांचं रिकामं खोकंही चाललं असतं, पण उघडण्याची ठरलेली वेळ ही मुख्य गोष्ट आहे, आणि ती पाळायची सवय वर्गाने लावली.

भावनांची कार्डं ही मात्र निव्वळ भर. चकचकीत, जाड, डझनावारी. ‘उत्सुक’, ‘अस्वस्थ’, ‘निराश’, ‘गोंधळलेला’ असे गोल चेहरे. त्यांतले ‘अस्वस्थ’ आणि ‘निराश’ मला तरी वेगळे ओळखता आले नाहीत. धाकट्याने दोनच कार्डं ठेवली, उरलेल्यांचा बंगला बांधला. भावनेला नाव दिलं की ती सोसायला सोपी जाते, हे तत्त्व मला मान्य आहे. बाईंनी त्याला २००७ च्या मॅथ्यू लिबरमन यांच्या मेंदूच्या तपासण्यांचा दाखला दिला. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल कमी झालेली दिसते. प्रयोग खरा आहे. पण तो मोठ्या माणसांवर, छायाचित्रं दाखवून केलेला होता. त्यावरून ‘कार्ड दाखवा, मुलाचा मेंदू शांत होतो’ असं पुस्तिकेत लिहिणं म्हणजे एका खात्याची जमा दुसऱ्या खात्यात दाखवणं. आणि घरात मराठीत भावनांना जी नावं आहेत ती कार्डांवर नाहीतच. पोटात गोळा येणं, हुरहूर, कुढणं, धाकधूक, रुसवा. धाकटा ‘मला चिंता वाटते’ असं कधी म्हणणार नाही. ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणेल. कार्ड तेच हवं.

पोटावरून आठवलं. एक उपयोगी गोष्ट तिसऱ्या बैठकीत ओझरती येऊन गेली, तिला जास्त वेळ हवा होता. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, तर ते नाटक समजू नका. दुखणं खरंच होत असतं. आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे काही निघालं नाही तर कारण शाळेत शोधा. आणि घरी ठेवून घेण्याआधी विचार करा, कारण टाळल्याने आज सुटका होते पण उद्याचं जाणं आणखी अवघड बनतं. शाळेत काही खरोखर वाईट घडत असेल, कुणी त्रास देत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मुलाला धीटपणा शिकवत बसायचं नाही, शाळेशी बोलायचं. हे एवढं महत्त्वाचं आणि दहा मिनिटांत उरकलं.

थोरलीकडे येते. वर्गाची खरी कमतरता इथे आहे.

जाहिरातीत लिहिलंय ‘सर्व वयोगट’. प्रत्यक्षात दुसऱ्या बैठकीत तिला पाच-सहा वर्षांच्या पोरांसोबत गोल करून बसवलं आणि तिच्या हातात हसऱ्या चेहऱ्याचं कार्ड दिलं. ती माझ्या कानात म्हणाली, ‘आजी, मी काय बालवाडीत आहे का?’ तिचा प्रश्न गेटवरच्या निरोपाचा नव्हताच. आईबापांनी गेटवर आलंच नाही तर बरं, या वयात ती पोचली आहे. तिची काळजी म्हणजे मधली सुट्टी. डबा घेऊन कुठे बसायचं, कुणाजवळ. सगळ्यांचे गट आधीच ठरलेले असणार, आणि आपण मध्येच उभ्या. जुन्या मैत्रिणींचा गट फोनवर सुरूच, त्यांच्या गप्पांत आता अशा बाईंची नावं येतात ज्या हिला माहीत नाहीत. हे दुःख आहे, नुसती भीती नाही. एक शाळा गमावल्याचं दुःख. त्याबद्दल वर्गात एक अक्षर नाही. उलट ‘नवी सुरुवात, नव्या संधी’ असलं भिंतीवर चिकटवलेलं. तिने ते वाचून जो चेहरा केला त्याचं कार्ड त्या खोक्यात नव्हतं.

तिला एकच गोष्ट लागू पडली, आणि ती बाईंनी तिला बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सांगितली, म्हणजे अभ्यासक्रमाबाहेर. काळजी करायला ठरलेली वेळ. ही पद्धत टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासली होती. दिवसभरात काळजी डोकावली की तिची नोंद करायची, ‘तुझी वेळ संध्याकाळी’ म्हणून बाजूला ठेवायची, आणि रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची. बाईंनी तिला अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं दिली आणि निजायच्या तोंडावर नको असं बजावलं. थोरली आधी हसली. मग तिने गणिताच्या जुन्या वहीचं मागचं पान घेतलं. काय लिहिते ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. एवढं दिसतं की ती रात्री अकराला माझ्या खोलीत पाणी प्यायच्या निमित्ताने येत होती, ते कमी झालं. वर्गात जे दीड तास बसवून जमलं नाही ते कोपऱ्यातल्या पाच मिनिटांत जमलं. बाई मोठ्या मुलांशी छान बोलतात. मग त्यांना वेगळी बैठक का देत नाही?

झोपेचा तक्ता उत्तम. मला तो आवडणार हे उघड आहे, त्यात रकाने आहेत. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संस्थेच्या २०१६ च्या शिफारशी त्यावर दिल्या आहेत: ३ ते ५ वयाला १० ते १३ तास, ६ ते १२ ला ९ ते १२, आणि १३ ते १८ ला ८ ते १०. सुट्टीत मुलं उशिरा झोपतात, उशिरा उठतात; शाळेच्या आदल्या रात्री एकदम ‘नऊला झोप’ म्हटलं तर मूल अंथरुणात टक्क जागं राहतं आणि अंधारात काळज्या करतं. म्हणून शाळा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, आणि झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ आधी घट्ट धरायची. सकाळी लवकर उठवलं की रात्रीचं आपोआप जुळत जातं. फोन खोलीबाहेर, हे मोठ्यांनाही लागू. मुलाने मान डोलावली, पाळलं नाही; पण तो वेगळा विषय आहे.

शाळेतून आल्यानंतरच्या तासाबद्दल जे सांगितलं ते थेट माझ्या कामाचं होतं. वर्गशिक्षिका सांगतात, ‘किती शहाणा आहे हो तुमचा नातू’, आणि तो शहाणा नातू घरात पाऊल टाकताच मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून जमिनीवर लोळण घेतो. बाईंचं म्हणणं असं की मूल दिवसभर स्वतःला आवरून धरतं: रांगेत उभं राहा, हात वर करा, तुझी पाळी नाही, थांब. तो ताण जिथे सुरक्षित वाटतं तिथे सुटतो. म्हणजे घरी, म्हणजे माझ्यासमोर. त्यावर त्यांनी दिलेली क्रमवारी मी तंतोतंत पाळते. आल्या आल्या प्रश्न नाहीत. आधी पाणी, खाणं, कपडे बदलणं, थोडा वेळ काहीच नाही. ‘आज काय काय केलं?’ हा प्रश्न तर नाहीच. त्याचं उत्तर जगभर ‘काही नाही’ असंच येत असावं. त्याऐवजी नंतर कधीतरी, हाताने काही काम चालू असताना, बारीक प्रश्न: आज तुझ्या शेजारी कोण होतं? कुणाला हसू आलं? मी मटार सोलत असते तेव्हा धाकटा जेवढं बोलतो तेवढं समोरासमोर बसवून कधी बोललेला नाही.

खिशात ठेवायच्या वस्तूचाही उल्लेख करायला हवा. घरातली एखादी छोटी वस्तू सोबत न्यायला द्या, असा सल्ला. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं होतं. बाळ ज्या गोधडीच्या टोकाला किंवा बाहुलीला सोडत नाही ती वस्तू त्याला आईपासून दूर असताना आधार देते. पहिलीतल्या पोराला बाहुली नेता येत नाही, म्हणून खिशात मावेल असं काहीतरी. धाकट्याने माझा हातरुमाल मागितला. धुतलेला दिला तर परत आणून दिला, ‘हा नको, तुझ्या वासाचा.’ मग दोन रुमाल आलटून पालटून मीच वापरून देत होते. हल्ली विसरून जातो, कधी दप्तराच्या तळाशी सापडतो.

आता उणिवा एकदम सांगून टाकते. सगळ्या बैठका शाळा उघडण्याआधी संपतात. पहिला आठवडा नवलाईत निघून जातो. थकवा, भांडणं, ‘मला नाही जायचं’ हे आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात आलं, आणि तेव्हा केंद्राकडून आमच्या हातात काय होतं? व्हॉट्सॲप गट. त्यावर तोपर्यंत सुविचार आणि फुलांची चित्रं सुरू झाली होती. मी एक सरळ प्रश्न विचारला, त्याला दोन नमस्कार आणि एक अंगठा मिळाला. चौथी बैठक उचलून तिसऱ्या आठवड्यात ठेवा, हा माझा केंद्राला लेखी अभिप्राय आहे. पोच मिळाली, अंमल दिसला नाही.

छापील कागदांवर सगळीकडे ‘आई-बाबांनी’ असं आहे. वर्गात एक आजोबा एकटेच नातीला घेऊन येत होते. एका बाईंच्या घरी मूल आठवडा वाटून दोन घरांत राहतं. त्यांनी विचारलं, दोन्ही घरांत निरोपाची खूण एकच हवी का? उत्तर नेमकं मिळालं, की खूण एकच ठेवा आणि दप्तराची जागाही दोन्हीकडे ठरवून टाका. पण कागदावर त्यांच्यासाठी ओळ नव्हती. ‘घरातलं मोठं माणूस’ असं छापलं तर शाई जास्त लागणार नाही.

चौथ्या बैठकीत मुलांना ‘धाडसी’ असं प्रमाणपत्र देतात. धाकट्याला आवडलं. थोरलीने त्याचं विमान केलं.

एका बाबतीत केंद्राला दाद द्यायला हवी. हा उपचार नव्हे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मूल आठवडे उलटले तरी शाळेत पाऊल ठेवत नाही, झोप-भूक गेली आहे, घाबरून श्वास कोंडतो, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून लक्ष उडालं आहे, स्वतःला इजा करण्याचं बोलतं, असं असेल तर चार बैठकांच्या वर्गात न बसता सरळ बालमानसतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. वर्गातल्या एका कुटुंबाला बाईंनी दुसऱ्या बैठकीनंतर तसं सुचवलंही, बाजूला घेऊन, बाकीच्यांना कळणार नाही अशा बेताने.

माझे गुण: पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या किंवा पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या घराला पाचपैकी चार. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलासाठी दोन, आणि तेही बाईंसाठी, वर्गासाठी एकच. जाणार असाल तर खोकं घरी आल्यावर कार्डं बाजूला काढा आणि पेटी व तक्ता समोर ठेवा. आणि नाव नोंदवताना एक बघा: रोज गेटवर सोडायला जो जाणार आहे आणि दुपारी दार जो उघडणार आहे, ती दोन माणसं वर्गाला आली पाहिजेत. आमच्या बॅचमध्ये एका घरातून फक्त आई यायची, सोडायला मात्र काका जायचा. तिसऱ्या बैठकीत ती बिचारी विचारत होती की हे सगळं दिराला कसं समजावू. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा, तुम्ही घरी आराम करा.